पणजोबांच्या पलीकडे

एक छोटीशी परीक्षा घेऊ. पणजोबांचं नाव बहुतेकांना सांगता येतं. खापरपणजोबा विचारले की निम्मी मंडळी गळतात. आता पणजीचं नाव सांगा. सासरचं नको, माहेरचं, आडनावासकट. इथे जवळजवळ सगळेच गप्प होतात.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या माझ्या वयाच्या मंडळींचे आईबाबा एकेक करून रिटायर होतायत, आणि रिटायर झाल्यावर साधारण सहा महिन्यांत घरातल्या एकाला तरी "आपलं मूळ गाव कुठलं, आपण इथे कुठून आलो" हा छंद लागतो. मग वाढदिवस किंवा दिवाळी आली की प्रश्न पडतो, या माणसाला द्यायचं काय? स्वेटर देऊन झाला, घड्याळ देऊन झालं. कोणी डीएनए चाचणीचा संच मागवतो, कोणी वंशवृक्ष छापलेली चकचकीत फ्रेम आणतो. त्या फ्रेममधे भरायला नावं कुठून आणायची हे मात्र कोणी सांगत नाही.

भेटींची यादी शेवटी आहेच (घाई असेल त्यांनी थेट तिथे जावं). पण कुठली भेट खरंच उपयोगाची हे कळायला, आपल्याकडे माणसांची नावं कोणी, कधी आणि कशासाठी लिहून ठेवली हे कळायला हवं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. जुन्या सिस्टीममधला डेटा वाचायचा तर ती सिस्टीम मुळात कुठल्या गरजेसाठी बांधली ते आधी बघावं लागतं. आपल्या पूर्वजांची बहुतेक नावं "पुढच्या पिढीला कळावं" म्हणून लिहिलेलीच नाहीत. ती लिहिली गेली दक्षिणेसाठी, वतनासाठी आणि शेतसाऱ्यासाठी. म्हणून ती जिथे आहेत तिथे आहेत, आणि जिथे नाहीत तिथे का नाहीत हेही त्यावरूनच कळतं.

उपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार. या प्रत्येक ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नावांच्या वह्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं, मग त्या गावाचे उपाध्ये कोण ते शोधायचं, आणि त्यांच्याकडे तुमच्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं याची नोंद सापडू शकते. आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची, आणि पुष्कळदा खाली त्याच माणसाच्या हातची सही.

हा डेटाबेस इतका नीट राहिला याचं कारण व्यवहाराचं आहे. कुठल्या गावचा यजमान कुठल्या उपाध्यायाचा हा वंशपरंपरागत हक्क होता. तो भावाभावांत वाटला जायचा, त्यावरून भांडणं व्हायची, आणि वही हा त्या हक्काचा पुरावा होता. वही सांभाळणं म्हणजे पोट सांभाळणं.

या वह्यांतून केवढा इतिहास निघू शकतो याचं एक उदाहरण सांगतो. हिमाचलच्या डोंगराळ संस्थानांतल्या लघुचित्रांवर चित्रकारांची नावं फारशी नसायची, त्यामुळे बरीच वर्षं अभ्यासक "ही गुलेरची शैली, ही कांगड्याची" असं संस्थानाप्रमाणे बोलायचे. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. त्यांत चित्रकारांच्या घराण्यांच्या नोंदी सापडल्या आणि पंडित सेऊ, त्याची मुलं माणकू आणि नैनसुख, त्यांची मुलं अशी अख्खी वंशावळ उभी राहिली. १९६८ साली त्यांनी मांडलं की शैली संस्थानाची नसून घराण्याची आहे. नैनसुख १७६३ मधे आपल्या आश्रयदात्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला होता, त्या वेळची त्याच्या हातची नोंद वहीत आहे. सोबत त्याने चित्रही काढून ठेवलंय! एका दक्षिणेच्या वहीने भारतीय चित्रकलेच्या इतिहासाचं पान बदललं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ-संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वार आणि इतर काही तीर्थांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म घेतले. फॅमिलीसर्च या त्यांच्या साइटवर ते चित्ररूपात आहेत. पण ते नावाने सर्च करता येत नाहीत, पानं उलटत बसावं लागतं. त्यापेक्षा नाशिकला जाणं सोपं. जाताना आडनावाबरोबर जुनं गाव आणि जुनं आडनावही घेऊन जा. आजचं "-कर" आडनाव दोन-तीन पिढ्यांपूर्वीचंच असू शकतं, आणि वहीत तुम्ही जोशी, कुलकर्णी किंवा पाटील म्हणून बसलेले असता.

आणखी एक जागा, जी घरातच असते. श्राद्धाला बाप-आजा-पणजा अशा तीन पिढ्या लागतात, त्याबरोबर आई-आजी-पणजी लागतात, आणि आईच्या वडिलांकडच्याही तीन पिढ्या लागतात. इतकी नावं पाठ राहत नाहीत, म्हणून कोणीतरी एका कागदावर ती लिहून पंचांगात किंवा पोथीत ठेवलेली असतात. ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांनी तो कागद आधी शोधावा. बायकांची नावं (सासरची का होईना) पद्धतशीरपणे लिहिली जाण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक.

भांडणांचे उपकार

दुसरा मोठा साठा वतनाचा. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, महारकी, सुतारकी ही सगळी वतनं. ती वंशाने चालायची, विकली जायची आणि वाटली जायची. अर्थातच त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालायची. भांडण गोतसभेपुढे गेलं की दोन्ही पक्ष आपापला करीना मांडायचे: आमचा मूळपुरुष अमुक, त्याचे मुलगे तमुक, थोरली पाती आमची. मग साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. म्हणजे भाऊबंदकी जितकी कडू, तितकी वंशावळ तपशीलवार. ज्या घराण्यात सगळे गुण्यागोविंदाने राहिले त्यांच्या वाट्याला कागद कमी :)

१८१८ मधे पेशवाई संपली आणि दप्तरं इंग्रजांकडे गेली. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने प्रत्येक इनामदाराला विचारायला सुरुवात केली: तुझं इनाम कोणी दिलं, कोणाला दिलं, आणि तू त्याचा कोण? लोकांना कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. हेतू सरळ होता, जास्तीत जास्त जमिनीवर सारा बसवणं. कित्येकांची इनामं गेली. पण त्या धास्तीने लिहिलेले कागद पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथे, टिकले. हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. रियासतकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, पण तो सगळा ढीग बघता हा फक्त चमचाभर.

घराघरांतल्या कागदांचं काय झालं हेही सांगायला हवं. वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून वाड्यांतल्या माळ्यांवरची दप्तरं शोधत राहिले. "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड १८९८ मधे आला आणि पुढे असे २२ खंड झाले. १९१० मधे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते याच कामासाठी. तरी जे मिळालं त्याहून किती तरी जास्त वाळवीने, पावसाने आणि रद्दीवाल्याने नेलं. आणि हे अजून चालू आहे. जुना वाडा पाडून फ्लॅट होतात तेव्हा लाकूड, दारं, कड्या यांना गिऱ्हाईक मिळतं. ट्रंकेतल्या कागदांचं काय करायचं हे कोणाला माहीत नसतं.

एक इशारा. वतनाच्या दाव्यातली वंशावळ ही एका पक्षाची बाजू असते. नको असलेली शाखा गाळलेली असू शकते, मूळपुरुष दोन-चार पिढ्या मागे नेलेला असू शकतो. राजघराणीही आपला वंश आपल्याला हवा तसाच सांगतात. सरफोजी राजे (दुसरे) यांनी १८०३ मधे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख कोरवला. दगडात कोरलं म्हणून त्यातलं प्रत्येक विधान तपासायचं नाही असं होत नाही. आपल्या घरातल्या "आपण मूळचे राजस्थानचे" या गोष्टीलाही तोच नियम.

साताबारा वाचायला शिका

वतनं सगळ्यांकडे नव्हती. पण ज्यांच्याकडे तुकडाभर जमीन होती त्यांची नावं सरकारकडे आहेत. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजणी आणि आकारणी सुरू केली आणि ती हळूहळू मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीचे सूड, आकारफोड, गुणाकार बुक असे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि फेरफार लिहिले जाऊ लागले.

वंशावळवाल्यांसाठी साताबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त मोलाचा. साताबारा म्हणजे डेटाबेसची आजची अवस्था, फेरफार म्हणजे बदलांचा लॉग. "अमुक तारखेस खातेदार मयत, वारस येणेप्रमाणे" अशी एक नोंद मिळाली की एका फटक्यात मृत्यूची तारीख आणि पुढची पिढी हाती लागते. साताबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्याजवळ वर्तुळात फेरफारांचे नंबर असतात, ते धरून मागे मागे जायचं.

वाचताना काही शब्द अडतील. "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "एकुमॅ" म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे बाकीचे भाऊ आहेत. "अपाक" म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला आणि पोरं लहान होती. त्या तीन अक्षरांमागे अख्खी कादंबरी असू शकते. "अज्ञान अमुक, अपाक आई तमुक" असं दिसलं तर ती विधवा बाई पुढची दहा-पंधरा वर्षं ती जमीन एकटीने सांभाळत होती, असं समजायला हरकत नाही. घरात कोणी सांगितलेलं नसतं.

जुने फेरफार आणि साताबारे आता बऱ्याच ठिकाणचे स्कॅन होऊन सरकारच्या "आपले अभिलेख" साइटवर आलेत. बाकीच्यांसाठी तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममधे अर्ज करायचा आणि नक्कल घ्यायची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनात असू शकतात. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड (नंतर मध्य प्रदेश) मधे होता, तिथल्या नमुन्यांची नावं वेगळी. गोव्यात परत वेगळा मामला. चर्चमधले बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचे रजिस्टर, १९१४ पासूनची पोर्तुगीज नागरी नोंदणी आणि गावकऱ्यांचे (कोमुनिदादींचे) कागद. पणजीच्या पुरालेखागारात यातलं बरंच मिळतं, पोर्तुगीज वाचणारा मात्र बरोबर न्यायचा.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती

आता खरा प्रश्न. ज्याच्याकडे वतन नाही, इनाम नाही, जमीन नाही, तीर्थयात्रेला पैसे नाहीत, त्याचं नाव कोणी लिहिलं?

लिहिलं, पण तुटक. गावच्या पाटील-कोतवालांकडे जन्ममृत्यूची वही असायची. जुना गाव नमुना १४, बोलीभाषेत कोतवाल बुक. यात गावातलं प्रत्येक घर येऊ शकतं, जमीन असो नसो. पुष्कळ नोंदींत बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. नुसतं "अमक्यास मुलगा". मग शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात बापाचं नाव, जात, गाव, जन्मतारीख. जन्मतारीख १ जून दिसली तर वाढदिवस म्हणून साजरी करा पण पुरावा म्हणून धरू नका. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे, म्हणून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

महार वतनाच्या नोंदी हा वेगळाच दस्तऐवज. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची नावं रजिस्टरमधे लिहिली गेली. हे वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात सरकारने रात्रंदिवस राबवून घेण्याचा परवाना होता. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ मधे मुंबई विधिमंडळात तो कायदा बदलायला विधेयक आणलं. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं संपली. आज त्या घरातला नातू पणजोबांचं नाव शोधायला जातो तेव्हा ते त्याला वेठीच्या कागदात सापडतं. नाव सापडल्याचा आनंद आणि कुठे सापडलं याचा राग, दोन्ही खरं.

समुद्रापार गेलेल्यांची गंमत अशी की त्यांची नोंद कधीकधी आपल्यापेक्षा चांगली. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला करारावर ऊसमळ्यांत गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते. तिथल्या रजिस्टरांत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा लिहिलेलं असतं, आणि १८६० च्या दशकापासून पुढे अनेकांचे फोटोसुद्धा आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे हे कागद आहेत. मजूर पळून गेला तर ओळखता यावा, ही त्यामागची गरज. गावी राहिलेल्या त्याच्या भावाचा फोटो कोणी काढला असेल?

आणि जुने कागद म्हणजे फक्त हौस नाही. २०२३ मधे मराठा समाजातल्या लोकांच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत महसूल, शाळा, जन्ममृत्यू अशा रजिस्टरांची गठ्ठ्यांनी तपासणी झाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या वादात इथे शिरत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने रकान्यात काय खरडलं यावर आज एखाद्याच्या शिक्षणाचं आणि नोकरीचं ठरू शकतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बायका कुठे आहेत?

विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापले. चित्पावनांचे जास्त, पण इतरांचेही आहेत. यातल्या संपादकांचे कष्ट थोर आहेत. शेकडो पत्रं पाठवायची, उत्तरं जुळवायची, तक्ते काढायचे, तेही कॉम्प्युटरशिवाय. "पुढच्या पिढीला कळावं" म्हणून लिहिलेला अपवाद म्हणजे हाच. पण तक्ता बहुधा पुरुषांचाच असतो. मुलगी लग्न होऊन गेली की फांदी तुटते, आणि सून आली की ती नव्या नावाने येते. रमाची लक्ष्मी झाली, रमा संपली. डेटाबेसवाल्यांच्या भाषेत, लग्नाच्या दिवशी प्रायमरी की बदलायची आणि जुनी की कुठेही साठवायची नाही. मग पणजीचं माहेर सापडणार कसं?

थोड्या जागा आहेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरच्या फेरफारांत वारस म्हणून मुलींची नावं येऊ लागतात, पुष्कळदा सासरच्या आडनावासकट. महाराष्ट्रात १९९४ मधे आणि देशभर २००५ मधे मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला, तेव्हापासून आणखी. त्यामुळे या बाबतीत रुक्ष फेरफार कधीकधी कुलवृत्तान्ताच्या पुढे असतो. मग जुन्या लग्नपत्रिका. मग माळ्यावरची पितळी भांडी! हंडे-परातींवर नाव घालायची पद्धत होती: कोणाला, कोणाकडून, कुठल्या प्रसंगी, साल. मोडीत घालायच्या आधी प्रत्येक भांड्याच्या नावाचा फोटो काढा. आत्याचं, मावशीचं, माहेरच्या माणसांचं नाव तिथे मिळून जाईल.

आणि ओव्या. जात्यावर दळताना बायका माहेरच्या गावाचं, भावाचं, वडिलांचं नाव गुंफत. गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. २०१७ पासून त्या "पारी" या साइटवर येऊ लागल्या. लिहिता न येणाऱ्या बायकांनी जपलेलं हे दप्तर. तुमच्या आजीला एखादी ओवी येत असेल तर तीही कागदच समजा.

पुढच्यांचं थोडं सोपं होईल. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालंय.

लिपी आणि तारखा

कागद मिळाला तरी वाचता यायला हवा. मोडीत आधी ओळ आखून घेत आणि अक्षरं तिला टांगत जात. हात न उचलता लिहायचं, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घ एकच. छपाईत बाळबोध जिंकली आणि १९५० नंतर मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली. म्हणजे जी लिपी पणजोबा सहज लिहीत ती नातवाला चिनी. २०१४ मधे युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, पण हस्ताक्षर वाचायला अजून सरावलेला डोळाच लागतो.

तारखांचं गणित सोपं आहे. शकात ७८ मिळवा की इसवी सन (पौषाच्या मध्यानंतर ७९). दख्खनच्या फसलीत साधारण ५९०, शुहूर सनात साधारण ५९९. शुहूर सन अरबी अंकनावांत लिहितात आणि एकक आधी येतो. "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, म्हणजे १७७१-७२ चं वर्ष. एकदा जमलं की सुडोकूपेक्षा जास्त मजा येते.

तर भेट काय द्यायची?

१. मोडी शिकण्याचं पुस्तक आणि वर्गाची फी. पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था वेळोवेळी वर्ग घेतात. रिटायर माणसाला सकाळचा उद्योग होतो, आणि सहा महिन्यांत घरचे कागद त्याचे त्याला लागू लागतात.

२. आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त. अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, ग्रंथालयांत चौकशी करा. न मिळाल्यास ग्रंथालयातल्या प्रतीतली आपली पानं फोटो काढून बांधून द्या.

३. फेरफारांच्या नकला. म्हणजे तुम्ही एक दिवस रजा टाकून तहसील कचेरीत रांग लावायची. वडिलांना ते उन्हातान्हात करायला लावण्यापेक्षा ही भेट मोठी.

४. कागद टिकवायचं साहित्य: आम्लविरहित कागदाच्या फाइली, चांगला पेटा आणि एक स्कॅनर. सेलोटेप आणि लॅमिनेशन मात्र कटाक्षाने नको. ते कागदाला वाचवत नाही, मारतं.

५. ग्रॅम्प्ससारखं मोफत सॉफ्टवेअर बसवून द्या आणि डेटा जेडकॉम या फॉर्मॅटमधे काढून ठेवायला शिकवा. प्रत्येक माणसाला नंबर द्या. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात, त्यामुळे गणेश नारायण, नारायण गणेश, परत गणेश नारायण अशी साखळी चालते. नावावर विसंबलात तर दोन शतकं एकमेकांत मिसळतील. बाईचं माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात लिहा, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते.

६. डीएनएचा संच शक्यतो नको. तो टक्के सांगतो, नावं सांगत नाही. लांबचे भाऊबंद जुळायला त्या कंपनीकडे आपल्याकडचे भरपूर नमुने हवेत, आणि त्यांच्याकडची गर्दी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली. शिवाय यातली मोठी कंपनी ट्वेंटीथ्री-अँड-मी हिच्याकडून २०२३ मधे लाखो लोकांची माहिती फुटली आणि २०२५ मधे तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

७. प्रवास. मूळ गाव, कुलदैवत, नाशिकचे उपाध्ये. गाडी तुम्ही चालवा. जाताना गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी काहीतरी घेऊन जा.

८. शेवटची भेट फुकट आहे आणि तिलाच मुदत आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईसमोर मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून दोन तास बसा. "आजी, जुन्या आठवणी सांग" असं म्हणू नका, त्यावर "काय सांगू रे" असं उत्तर येतं. नेमकं विचारा. लग्नाआधी तुला काय हाक मारायचे? तुझ्या आईचं माहेर कुठलं? वरात कशाने आली? घरात कोण कोण होतं, आणि कोण लहानपणीच गेलं? जुना अल्बम पुढ्यात ठेवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा.

पेशवे दप्तर पुढच्या वर्षीही तिथेच असेल. फेरफार स्कॅन होऊन वाट बघत बसेल. या आठ नंबरच्या दप्तराची मात्र दुसरी प्रत नाही. आज शनिवार आहे. दुपारी फोन करून टाका.